धोंडिभाऊंचा जॅक

धोंडिभाऊंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते माझ्या दुकानाच्या काउंटरला टेकून हायड्रॉलिकचं तेल चाखत होते.

चाखत होते म्हणजे अगदी चाखत होते. डब्याचं बूच उघडलं, त्यात करंगळी बुडवली आणि आमटीला मीठ बरोबर पडलंय का बघावं तशी जिभेला लावली. मग डोळे मिटून थोडा वेळ विचार केला. आम्ही जैन. आमच्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात. मी हातातली पावती टाकून त्यांना चूळ भरायला तांब्या आणायला धावलो. परत येईपर्यंत त्यांचा निकाल लागलेला होता.

"गुळमाट लागतंय, शेठ. ह्यात पानी हाय."

"अहो, सीलबंद डबा आहे. तुमच्यासमोर फोडला!"

"म्हंजी कंपनीतच घातलंय," असं म्हणून त्यांनी उपरण्याला करंगळी पुसली आणि तोच डबा उचलून घेऊन गेले. मी तांब्या घेऊन तसाच उभा.

मुळात माझा स्वभाव दचकणारा आहे. फोनची घंटा वाजली तरी मी दचकतो. बायको म्हणते, तुम्हाला धक्का द्यायला ट्रॅक्टर लागत नाही, पाल पुरते. आजोबा राजस्थानातून येऊन नारायणगावात स्थायिक झाले. वडिलांनी किराणा विकला आणि मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. आमच्या घरात आता मारवाडी फक्त लग्नकार्यात बोलतात. असा हा माझ्यासारखा मवाळ माणूस, आणि नशिबात गिऱ्हाईक धोंडिभाऊ! पुढची कित्येक वर्षं त्यांनी मला धक्के दिले. मला वाटतं तेवढे त्यांच्या ट्रॅक्टरनंही रस्त्यात खाल्ले नसतील.

धोंडिभाऊ निमगाव सावाचे. उंच, हाडं मोठी, मिशी पांढरी. चष्म्याची एक काडी तारेची आणि दुसरी सुतळीची. त्यांच्याकडे एक ट्रॅक्टर होता आणि एक डंपिंगची ट्रॉली. मागचा हौदा वर उचलून माल आपोआप ओततात ती. तो हौदा उचलतो तो हायड्रॉलिकचा सिलिंडर. आमच्या भागात त्याला सगळे 'जॅक' म्हणतात. जाडजूड लोखंडी नळी, तिच्यात सरकणारा चकचकीत रॉड आणि तेल अडवायला रबराचं सील. हे सील दोन-तीन वर्षांत जातं, तेल गळायला लागतं. मग लोक नवं सील टाकतात, आणि रॉड किंवा नळीच खराब झाली असेल तर जॅकच बदलतात.

धोंडिभाऊ बदलत नसत.

"बदलायचं न्हाई, शेठ. बदलायला अक्कल लागत न्हाई." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानात पाऊल टाकतानाच ते म्हणत, म्हणजे मला पुढं काही सुचवायची सोयच राहत नसे. त्यांच्या जॅकच्या रॉडला दोन ठिकाणी वेल्डिंग होतं आणि नळीवर ठिगळ होतं. आमच्या शेजारी मिलिंद मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान. मिलिंदही निमगावचाच. तो एकदा तो जॅक उलटासुलटा करून मला म्हणाला, "शेठ, ह्यात कंपनीचं आता नुसतं नाव राह्यलंय. त्येबी ह्यांनी घासून काढलंय."

हा जॅक धोंडिभाऊ दुरुस्तीला एसटीनं आणत. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेला. एसटीत तो खाली ठेवायला मात्र ते तयार नसत. तो सीटवर, खिडकीशी. हे मला खुद्द कंडक्टरनंच दुकानात चहा पिताना सांगितलं.

"मी म्हनलं, बाबा, लगेज हाय, खाली ठिवा. तर म्हनं, लगेज न्हाई ह्ये. ह्याचं फुल तिकीट फाडा. मी म्हनलं, लोखंडाचं तिकीट नसतंय. तर म्हनं, मग लोखंडाची एसटी कशी चालती?" मागच्या सीटवरच्या एका बाईनं घोंगडीकडं बघून हळूच विचारलं होतं, "पेशंट हाय का वं?" धोंडिभाऊ म्हणाले, "व्हय. कंबर गेलीया." ती बिचारी नारायणगाव येईपर्यंत घोंगडीला पदरानं वारा घालत होती म्हणे.

दुरुस्ती झाली की जॅक लगेच कामाला लावत नसत. "टाकं वलं हायती," म्हणत आणि तो दोन दिवस ओसरीवर आडवा झोपवून ठेवत. मी एकदा वसुलीला निमगावला गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. जॅकच्या अंगावर पोतं पांघरलेलं होतं. मी त्यावर बसणार होतो, तर धोंडिभाऊ ओरडले. मी इतका दचकलो की कोपऱ्यातल्या पाण्याच्या घागरीवरच बसलो.

त्याच भेटीत मी त्यांचा टीव्ही पाहिला. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात काळोख होता. बातम्या देणाऱ्या बाईचं फक्त कपाळ आणि कुंकू दिसत होतं. हिंदी मालिकेतल्या सासवा-सुना नुसत्या भांगावरनं ओळखायच्या.

"धोंडिभाऊ, हे असं बघता?"

"खालचं आर्दं मनानं समजून घ्यायचं," ते म्हणाले. "वरचं तरी कुठं खरं असतंय, राव?"

चपलेचा अंगठा सायकलच्या ट्यूबचा. छत्रीला दांडा उसाच्या गुऱ्हाळातल्या चिमट्याचा. घड्याळाला काटा एकच, तासाचा. मिनिटांचं ते सूर्यावर बघत. एवढा चिकट माणूस मी पाहिला नव्हता असं मी गावभर सांगत असे. पण चिकट म्हणावं तर तेही खरं नव्हतं. नव्या जॅकच्या दुप्पट किमतीचं वेल्डिंगच त्यांनी एव्हाना करून घेतलेलं होतं. दुकानात आलेल्या कुणालाही चहा पाजत, अगदी मलासुद्धा, माझ्याच दुकानात. आणि काम संपलं तरी निघत नसत. स्टुलावर बसून रस्त्याकडं बघत राहत. मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" की लगेच वायसरची चौकशी सुरू. बायको वारलेली आणि लेक सासरी, एवढं मला मिलिंदकडून कळलं. ज्याला घरी जायची घाई नाही तो स्टुलावर बसतो, एवढाच त्याचा अर्थ मी काढला होता.

मग त्या वैशाखात एका दुपारी फोन वाजला. मी सवयीनं दचकलो. पलीकडं धोंडिभाऊ, गावातल्या डबड्या फोनवरून ओरडत होते.

"शेठ, ट्रॉली वर गेली आन् खाली येईना! रॉड वाकला!"

"मग जॅक काढून आणा."

"कसा आनू? त्याच्यावर ट्रॉली हाय! मिस्त्रीला घेऊन या. लगी या. आन् शेठ…" इथं जरा शांतता. मला वाटलं नाणं संपलं. "नवा जॅक घेऊन या."

माझ्या हातून रिसीव्हर सुटला. तो वायरला लोंबकळत राहिला आणि त्यातून धोंडिभाऊ "शेठ! शेठ!" करत राहिले. हे वाक्य या माणसाच्या तोंडून? मी मिलिंदला हाक मारली, टेम्पोत नवा जॅक टाकला आणि निघालो. वाटेत मिलिंद दोनदा म्हणाला, "नवा म्हनले? नक्की?" मी म्हणालो, "शपथ."

निमगावच्या स्टँडच्या जरा अलीकडंच ते दृश्य दिसलं. उघड्या रानात, भर उन्हात, ट्रॉलीचा हौदा आभाळाकडं तोंड करून उभा. तोही सरळ नाही; एका बाजूला असा कलंडलेला की आता पडेल, मग पडेल. निम्मं शेणखत खाली ओतलेलं, निम्मं वरच चिकटून बसलेलं. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली माणसं उभी होती. पण एकही जण जवळ जात नव्हता. गावात साधं टायर पंक्चर झालं तर पंधरा सल्लागार जमतात, आणि इथं सगळे रस्त्याच्या पलीकडंच!

"मिलिंद, हे लोक मदतीला का जात नाहीत?"

मिलिंदनं टेम्पोची काच खाली केली, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आयला! शेठ, खत ओतलंय ते रान धोंडिभाऊंचं न्हाई. शंकरचं हाय."

शंकर म्हणजे धोंडिभाऊंचा धाकटा भाऊ. त्यांना भाऊ आहे हेच मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मग मिलिंदनं जे सांगितलं ते ऐकून मी टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला.

दोघं भाऊ एकत्र होते तेव्हा त्यांच्याकडे शर्यतीच्या गाड्याची बैलजोडी होती. जत्रेतल्या शर्यतींच्या घाटात पळायची. शंकरनं ती वासरं असल्यापासून वाढवलेली, रात्री गोठ्यातच झोपायचा. एकदा शंकर सासरवाडीला गेला असताना धोंडिभाऊंनी जोडी विकली आणि ट्रॅक्टर आणला. भावाला आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. शंकर परत आला, तर बैलांची गव्हाण रिकामी आणि गोठ्यात म्हशींशेजारी ट्रॅक्टर. तो जेवला नाही, भांडलाही नाही. वाटणी मागितली आणि बांधावर उभं राहून गावादेखत म्हणाला, "ह्या लोखंडाचं चाक ज्या दिशी माझ्या रानात येईल, त्या दिशी मी गाव सोडीन." तेव्हापासून दोघांत शब्द नाही. बारा-तेरा वर्षं झाली असतील.

"तेव्हापास्नं ह्यांनी काय बदाललंच न्हाई," मिलिंद म्हणाला. "येकदाच बदाललं व्हतं."

मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो. चिकट, चिकट म्हणून मी ज्याची गावभर चेष्टा केली, त्या माणसाच्या तारेच्या चष्म्याचा आणि अर्ध्या टीव्हीचा अर्थ हा होता.

जवळ गेलो तर आणखी एक धक्का. ट्रॉली अशी कलंडलेली का, ते आता दिसलं. ट्रॅक्टर धोंडिभाऊंच्याच रानात होता. ट्रॉलीचं एक चाकही त्यांच्याच रानात. बांध तिथं तिरका जातो, म्हणून दुसरं चाक त्यांनी बांधाच्या चढावर घेतलं होतं, पण माथ्याच्या अलीकडं, वीतभर राखून. म्हणजे ट्रॉलीचं ढुंगण तेवढं भावाच्या रानावर काढायचं आणि खत पलीकडं ओतायचं. चाक मात्र आत जाऊ द्यायचं नाही. शंकरची शपथ त्यांनी अक्षरशः पाळली होती. तिरक्या ट्रॉलीत ओलं खत एका अंगाला चिकटून बसलं, सगळा भार एका बाजूला आला आणि तो म्हातारा ठिगळाचा जॅक वाकला.

धोंडिभाऊ धावतच आले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"शेठ, लगी बसवा. शंकऱ्या दवाखान्यात हाय, हर्नियाचं आपरेशन झालं. उद्या सोडनार व्हते. आत्ता कळलं, आजच सोडलं. दुपारच्या गाडीनं येतोय."

"येऊ द्या की. चाक आत नाही तुमचं."

"त्यो चाक न्हाई बघायचा, ट्रॉली बघंल. लई तोंडाचा पक्का हाय. बोलल्याप्रमानं गाव सोडून सासरवाडीला निघून जाईल." मग मान खाली घालून हळू म्हणाले, "आता निदान बांधाच्या पलीकडनं खोकला तरी ऐकू येतो त्याचा, शेठ."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्या दुकानाच्या आयुष्यात मी प्रथमच हात काळे केले.

हौद्याखाली बाभळीचे ओंडके उभे करून टेकू दिला. त्याशिवाय जॅक काढला असता तर हौदा खाली आदळला असता. वरची पिन निघाली. खालची निघेना. वाकलेल्या रॉडनं ती घट्ट आवळून धरली होती. ती बाहेर काढायची तर कुणीतरी हौद्याखाली शिरून आतून घण मारायला हवा होता. मिलिंद म्हणाला, "थांबा, आधी अजून एक टेकू लावू." तो ओंडका आणायला वळला आणि मी बघतो तर धोंडिभाऊ खाली! वर कित्येक क्विंटलचं लोखंड आणि शेण, टेकू कच्चा, आणि हा माणूस पालथा पडून घण मारतोय.

"बाहेर या! अहो, बाहेर या!" मिलिंद ओरडला.

मी डोळे मिटून नवकार मंत्र म्हणायला लागलो. प्रत्येक घावाला वरून शेणाचं एकेक ढेकूळ त्यांच्या पाठीवर पडत होतं. शेवटी टणकन आवाज झाला. मी ओरडलोच. डोळे उघडले तर पिन बाहेर आणि धोंडिभाऊ रांगत बाहेर येत होते, डोक्यापासून पायापर्यंत शेणानं माखलेले.

नवा जॅक बसवला. तेलाचा होज पाइप जोडला. तेल ओतलं, त्यांनी चाखलंसुद्धा नाही. मिलिंद शेवटची खीळ ठोकत होता, आता फक्त हौदा खाली घ्यायचा आणि निघायचं. तेवढ्यात स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला.

लिंबाखालची माणसं स्टँडकडं वळली. एसटीतून आधी एक बाई उतरली, पिशवी घेऊन. मग शंकर. तेच हाडपेर, तीच मिशी, नुसती काळी. एका हातानं पोट धरून तो पाऊल-पाऊल चालत सरळ आपल्या रानात आला. धोंडिभाऊ ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकामागं जाऊन उभे राहिले. साठीतला माणूस, चोरी सापडलेल्या पोरासारखा.

शंकरनं कुणाकडंच पाहिलं नाही. तो खताच्या ढिगाजवळ गेला, कष्टानं वाकला, मूठभर खत उचललं, कुस्करलं आणि हुंगलं. मग माझ्याकडं वळला.

"तुमी नारायनगावचे शेठ ना? बघा ही माझी मंडळी. दरसाल मी कुठं बाहेर गेलो की मागनं सांगती, राजुरीच्या गोठ्यावरनं खत आनलं म्हनून."

दरसाल! मी धोंडिभाऊंकडं पाहिलं. ते चाकाचे नट मोजल्यासारखे खाली बघत होते. शंकरच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"ज्या गोठ्यात मी निजत व्हतो," शंकर म्हणाला, "त्या गोठ्याचं श्यान मला वळखू येनार न्हाई व्हय, शेठ?"

चाकामागून बारीक आवाज आला.

"चाक आत आलं न्हाई. बघावं पायजे तर. बांधाच्या अलीकडंच हाय."

"त्येच बघतोय!" शंकर एकदम कडाडला. मी चांगला हातभर उडालो. "बांधावर चाक चढवून ट्रॉली उचलत्यात व्हय? पलटी झाली असती म्हंजी? आन् ह्ये काढायला खाली कोन गेलं व्हतं?"

सांगायची गरज नव्हती. एकच माणूस शेणानं माखलेला होता. शंकर त्या अवताराकडं बघत राहिला आणि त्याचा ओठ थरथरायला लागला. खरं सांगतो, माझे डोळे आधीच वाहत होते. मिलिंद पाठ करून उगाच पान्हे गोळा करत होता.

"ट्रॉली खाली घ्या म्हनावं," शंकर मला म्हणाला.

धोंडिभाऊंनी ट्रॅक्टरवर चढून दांडा ओढला. नवा जॅक आवाजसुद्धा न करता खाली आला. ते ट्रॅक्टर पुढं घेऊन निघणार, तोच शंकर म्हणाला, "कुठं चाललाय? निम्मं खत तसंच हाय त्यात."

धोंडिभाऊ थांबले. त्यांना कळलंच नाही काय करायचं ते. ते माझ्याकडं बघायला लागले, जसं काही मी तिऱ्हाईत शेठ त्यांना सांगणार होतो.

"ऐकू येईना का?" शंकर म्हणाला. या वेळी माझ्याकडं बघून नाही. "सरळ कर आन् चाक आत घे, दादा."

धोंडिभाऊंनी ट्रॅक्टर पुढं घेतला, सरळ केला आणि रिव्हर्स टाकला. ट्रॉली हळूहळू मागं सरकत बांधावर आली. माथ्यावर चाक पोचलं तिथं त्यांनी ब्रेक दाबला आणि मान वळवून मागं पाहिलं. तारेच्या चष्म्यावरही शेण उडालेलं होतं. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. ट्रॉलीच्या मागं शंकर एका हातानं टाके दाबून उभा होता आणि दुसरा हात हलवत होता.

"येऊ दे," तो म्हणत होता. "येऊ दे. आजून येऊ दे."